लसणाची बरणी

"यात लसूण आहे का?"

सुप्रभा मगदूमने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दुपारी प्रयोगशाळेत आम्ही डबे उघडून बसलो होतो. आगाशे सर तिला घेऊन आले, म्हणाले, "ही तुमची नवी मैत्रीण, सांगलीकडची," आणि मी आपली माणुसकी म्हणून आईच्या हातच्या चटणीची बरणी तिच्यापुढे सरकवली. तिने वाकून वास घेतला आणि पुढे केलेला हात मागे ओढला.

"लसणाचीच आहे," मी म्हटलं. "लसूण, खोबरं, लाल मिरची. आमच्या हुपरीची. खाऊन तर बघ."

"आम्ही जैन, ताई. आमच्यात लसूण-कांदा चालत नाही. त्यात आता चातुर्मास आहे."

"बरं."

"राग मानू नका हं."

राग कशाला मानू? ज्याचं त्याचं पथ्य. पण खरं सांगते, मला राग आला. त्या बरणीवर आमची सगळी प्रयोगशाळा जगायची. कुलथे नावाचा माझा सोबती तर नुसत्या चटणीशी दोन भाकऱ्या उडवायचा. तिला कुणी नाक मुरडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

ती बरणी आम्ही कुठं ठेवायचो ते आधी सांगायला हवं. पुण्यातली आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती आणि पावसाळ्यात तिथं भिंतींना हात लावला तर ओला व्हायचा. पापड अर्ध्या दिवसात चामड्यासारखा होई. पण आमच्याकडे डेसिकेटर होता. जाड काचेचं मोठं भांडं, कडांना ग्रीस लावलेलं घट्ट झाकण, तळाशी दमटपणा शोषून घेणारे सिलिकाचे निळे मणी. सोन्याचे नमुने कोरडे राहावेत म्हणून ते घेतलेलं. आता इतकी चांगली कोरडी जागा असताना तिथं नुसते नमुनेच कोण ठेवणार? वरच्या जाळीवर आमचे नमुने, खालच्या जाळीवर कुलथेचा चिवडा, सरांची मारी बिस्किटं आणि माझी चटणी. ही रीत माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांपासून चालत आलेली होती आणि सरांनाच बिस्किटं कुरकुरीत लागत, त्यामुळे कुणी बोलायचा प्रश्न नव्हता.

सुप्रभाने डेसिकेटरचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी ती घरून स्टीलची एक छोटी डबी घेऊन आली. तळाशी थोडे निळे मणी घातले, आणि म्हणाली, "माझे नमुने मी यातच ठेवत जाईन."

"का गं? आमच्या डेसिकेटरला काय झालं?"

"काही नाही ताई. सोय म्हणून."

सोय म्हणे! आमचा विटाळ होत होता तिच्या सोन्याला. डबी तिने स्वतःच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूपही लावलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याच आठवड्यात सरांनी तिला आमचं काम समजावलं. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं, तरी शेजारी जाऊन उभी राहिले.

"हे बघ," सर म्हणाले, "सोन्याच्या आतल्या अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी असतात. वर, खाली, आजूबाजूला. त्याचं बरं चाललेलं असतं. पण अगदी वरच्या थरातला जो अणू, त्याच्या डोक्यावर कुणीच नाही. मग तो काय करतो? जे बाजूला आहेत त्यांना जास्त घट्ट धरतो. सगळेच असे एकमेकांना ओढायला लागले की थर आकसतो आणि जागा होते. पंगतीत नाही का, 'जरा सरकून घ्या' म्हटलं की एक पान जास्त बसतं? तसं बावीस जणांच्या जागेत तेविसावा मावतो."

"आणि खालचा थर?"

"तो बावीसचाच. त्यामुळे वरच्यांचं आणि खालच्यांचं नीट जुळत नाही. कुठं अणू खळग्यात बसतो, कुठं उंचवट्यावर राहतो. ते उंचवटे सलग जोडले की रेषा दिसतात, दोन-दोनच्या जोडीने, मधेच वळण घेणाऱ्या. त्या रेषा आपल्याला आपल्या यंत्रावर बघायच्या आहेत."

"सगळे धातू असं करतात?"

"नाही ना! सोनं करतं, प्लॅटिनम करतं, इरिडियम करतं. त्यांच्यात एकमेकांची ओढ फार. चांदी तेवढ्यासाठी जागची हलत नाही."

कुलथे माझ्याकडे बघून फिदीफिदी हसला. मी हुपरीची, चांदीच्या गावची. वडील पैंजणं घडवायचे. गावाची चेष्टा ऐकायची मला सवय होती, पण या बाईसमोर ती नको होती.

सुप्रभाने वहीत दोन थर काढून बघितले. मग म्हणाली, "पण सर, त्याच्या डोक्यावर बाहेरून कुणी येऊन बसलं तर?"

सरांनी चष्मा काढला. ते खूश झाले की चष्मा काढत. "म्हणजे?"

"म्हणजे वर शेजारी मिळाला, तर बाजूच्यांना इतकं धरून ठेवायची गरज उरणार नाही. मग तेविसावा कुठं जाईल?"

"वा! पकड सुटते, तेविसावा बाहेर ढकलला जातो, रेषा जातात, असं पुस्तकं सांगतात. आपण काही ते पाहिलेलं नाही. पण हे इथं आजवर कुणी विचारलं नव्हतं हं."

हे शेवटचं वाक्य म्हणताना ते माझ्याकडे बघत होते की नव्हते, मला माहीत नाही. मला वाटलं, बघत होते. दोन वर्षं त्यांच्यासाठी चष्म्याची केस शोधून देणारी मी, आणि चष्मा काढला तिच्यासाठी.

आणि मला रेषा दिसतच नव्हत्या. माझं दुखणं ते होतं. दोन वर्षं मी अभ्रकाच्या पातळ चकत्यांवर सोन्याचा थर चढवत होते, ज्योतीवर तापवत होते, आणि यंत्राखाली घालत होते. यंत्र सरांनी स्वतः बांधलेलं. धक्का लागू नये म्हणून सायकलच्या ट्यूबांनी छतापासून टांगलेली फरशी, तिच्यावर ती सुई. सुई सोन्यावरून फिरायची आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत चित्र व्हायचं. माझं चित्र सपाट. पायऱ्या दिसायच्या, मोकळी मैदानं दिसायची, रेषा मात्र औषधाला नाही. सर म्हणायचे, "सुई बोथट असेल, तारेतून नवी काप." मी पुन्हा कापायचे.

दिवाळीला माझी शिष्यवृत्ती संपत होती. वडिलांशी ठरलं होतं, तोवर काही झालं तर झालं, नाहीतर हुपरीला परत यायचं आणि मामाच्या मुलाशी लग्न करायचं. तो मुलगा वाईट नव्हता. पण त्याने मला एकदा विचारलं होतं, "सोनं बघायला एवढी शाळा कशाला लागते?" त्या प्रश्नासोबत आयुष्य काढायची माझी तयारी नव्हती.

सुप्रभाचा पहिला नमुना यंत्राखाली गेला तेव्हा मी मुद्दाम पाठ करून बसले होते. सुया कापत होते. आधी कुलथे ओरडला. मग सर धावत आले. मी मान वळवली नाही, तरी मला कळलं.

"वैजयंता, अगं ये ना! बघ!"

गेले. पडद्यावर रेषा होत्या. जोडीजोडीने, वळणं घेत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि ते तिचं होतं.

"पहिल्याच फटक्यात!" सर म्हणाले. "हाताला गुण असतो म्हणतात तो हा."

"छान," मी म्हटलं. आणि पुन्हा सुया कापायला जाऊन बसले.

कानामागून आली आणि तिखट झाली. तीसुद्धा लसूण-कांद्याशिवाय!

त्यानंतर मी वेडी झाले म्हणा. सरांनी सांगितलं की दसऱ्यानंतर जर्मनीहून एक मोठे प्राध्यापक येणार आहेत, काम बघणार आहेत, आणि दोघींपैकी एकीला वर्षभरासाठी त्यांच्याकडे नेणार आहेत. तिथं मोठी यंत्रं, हवा काढून टाकलेली पोलादी भांडी, सगळं. तेव्हापासून मी सुप्रभावर डोळा ठेवला. ती करते ते आणि मी करते ते, यात काहीतरी फरक असलाच पाहिजे. ती सकाळी रसायनशास्त्र विभागातल्या डावीकडच्या ज्योतीवर सोनं तापवते? मी उजवीकडची सोडून डावीकडे गेले. ती नमुना चिमट्यात तिरका धरते? मीही तिरका धरला. ती आंघोळ करून, ओले केस बांधून येते? मीही केस ओले ठेवून आले आणि चार दिवस शिंकत बसले. रेषा नाहीत.

"तू आता तिची वेणीसुद्धा घाल," कुलथे म्हणाला.

"तू चिवडा खा."

एक फरक मला रोज दिसत होता, तो म्हणजे ती कुलूप लावलेली डबी. पण डबीत काय असणार? निळे मणी. तेच आमच्या डेसिकेटरमध्ये होते, जास्तच होते. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ती डबी म्हणजे नुसती शिष्टपणाची गोष्ट आहे.

भाद्रपदात तिचं दहा दिवसांचं पर्व आलं. त्या दिवसांत ती एकदाच जेवायची. चेहरा उतरलेला, पण तिच्या नमुन्यांवर रेषा अशा लख्ख की सर एकेक चित्र छापून भिंतीला लावत सुटले. भिंतीवर सगळी तिचीच चित्रं. एक दिवस मी त्या भिंतीपुढे उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे, मी भौतिकशास्त्राची पदवीधर बाई, मी मनात म्हटलं, देवा, तिच्या व्रताचंच हे फळ असेल तर मीपण करते. दसऱ्यापर्यंत लसूण बंद, कांदा बंद. एवढ्या रेषा दाखव.

हसा खुशाल. माणूस जळायला लागला की काय वाट्टेल ते करतो.

चटणी समोर असती तर माझ्याच्याने राहवलं नसतं. म्हणून बरणी डेसिकेटरमधून काढली आणि हॉस्टेलवर नेऊन कपड्यांच्या पेटीत खोल पुरून ठेवली. बरणीचं तेल जाळीवर, भांड्याच्या तळाशी ओघळलेलं दिसलं. व्रत करायचं तर नीट करायचं, म्हणून सगळं भांडं साबणाने घासलं, ओल शोषून गुलाबी पडलेले मणी भट्टीत तापवून पुन्हा निळे करून घेतले, झाकणाला नवं ग्रीस लावलं. कुलथेचा चिवडाही बाहेर काढला, त्यातही लसूण होता. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

पुढचा नमुना मी तिथंच ठेवला. दुसऱ्या दिवशी यंत्राखाली घातला. एक ओळ उमटली, दुसरी उमटली. रेषा आल्या. माझ्या सोन्यावर, माझ्या सुईखाली, जोडीजोडीने, वळणं घेत. मी रडले. उघड रडले, सरांसमोर. सुप्रभाने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, माझ्यापेक्षा स्वच्छ आल्यात." मी हात सोडवून घेतला नाही, एवढंच.

त्यानंतर माझा एकही नमुना चुकला नाही. आता आम्ही बरोबरीच्या होतो. नव्हे, मी दोन वर्षं आधीची, हक्क माझा होता. सर तसं म्हणालेही, "वैजयंता, तुलाच पाठवावं असं मला वाटतं, पण निर्णय पाहुण्यांचा." त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन करून सांगितलं की मामांना थांबायला सांगा.

पाहुणे आले. उंच, टक्कल पडलेले, हसरे. त्यांनी माझी चित्रं पाहिली, तिची पाहिली. मग माझी जुनी सपाट चित्रंही मागवली आणि मला विचारलं, "दोन वर्षं रेषा नाहीत, आणि अचानक प्रत्येक वेळी आहेत. तुम्ही काय बदललं?"

मी गोंधळले. काय बदललं होतं? ज्योत बदलून रेषा आल्या नव्हत्या, चिमटा बदलून आल्या नव्हत्या. माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "मी लसूण सोडला."

कुलथे फुटलाच. सर हसू दाबत पाहुण्यांना इंग्रजीत समजावू लागले, पाहुणेही हसायला लागले. मी लाजून चूर झाले. सगळे हसत होते. सुप्रभा हसत नव्हती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ती बरणी कुठं असायची?"

"डेसिकेटरमध्ये. तुला माहीत आहे की."

"तुमच्या नमुन्यांखाली?"

"मग काय तर."

"आणि लसणाला वास कशाचा असतो?"

मी तोंड उघडलं, पण मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं. "गंधकाचा. गंधक सोन्याला चिकटतं. ताई, तुमच्या अणूंच्या डोक्यावर दोन वर्षं लसूण बसला होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन वर्षं मी सुया कापत होते आणि आईची चटणी माझ्या सोन्यावर बसून तेविसाव्याला हाकलत होती. त्या झाकणाखाली वास कोंडलेला होता हे आम्हाला कुणालाच जाणवत नव्हतं, कारण आमच्या सगळ्यांच्या तोंडाला तोच वास होता. तिला मात्र पहिल्या दिवशी झाकण उघडल्याबरोबर जाणवला, आणि म्हणून ती बिचारी आपली डबी घेऊन बाजूला झाली. कुलूपसुद्धा कुलथेसाठी होतं. तो कुणाचीही डबी खाऊची समजून उघडायचा.

पाहुण्यांचं हसू थांबलं होतं. त्यांनी सरांना विचारलं, ही काय म्हणाली? सरांनी सांगितलं. सांगताना त्यांनी चष्मा काढला.

मग काय, दोन दिवस प्रयोगशाळेत लग्नघर. माझ्या पेटीतून बरणी परत आली. सुप्रभाने एक नमुना तापवला, रेषा दाखवल्या, तोच नमुना बरणीशेजारी झाकून ठेवला आणि थोड्या-थोड्या वेळाने यंत्राखाली घातला. रेषा एकेक करून पुसल्या गेल्या. ज्या जागी होत्या तिथं सोन्याचे बारीक ठिपके उरले. बाहेर ढकललेले तेविसावे. ते मी पडद्यावर बोटाने एकेक मोजत बसले.

निघताना पाहुणे माझ्याशी फार गोड बोलले. म्हणाले, एकीने रेषा दाखवल्या, दुसरीने त्या का जातात ते दाखवलं, आणि मला 'का' विचारणारी व्यक्ती हवी आहे. पुढे म्हणाले, ती चटणीपण पाठवा, जिच्यामुळे हे घडलं तीच आम्हाला आमच्या यंत्रात बघायची आहे.

म्हणजे बघा. लसूण माझा, उपास माझा, दोन वर्षं माझी. आणि 'का' तिचं.

जर्मनीला जायच्या आदल्या दिवशी सुप्रभा हॉस्टेलवर आली. मी बरणी बांधून ठेवली होती, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत.

"तुला शिवायला चालेल का?" मी विचारलं. टोमणाच होता.

"धरीन की. खायची थोडीच आहे." तिने बरणी घेतली आणि पोटाशी धरली. मग उठलीच नाही. "ताई, एक बोलू? तुम्ही माझ्या रेषांवर जळत होता. मला कळत नव्हतं होय?"

"कळत होतं तर गप्प कशाला बसलीस?"

"मीपण जळत होते ना. तुम्ही सगळे या बरणीभोवती बसायचात, एकमेकांच्या डब्यात हात घालायचात, हसायचात. मी तिकडे खणापाशी एकटी पोळी खायचे. माझ्या रेषा तुम्हाला दिल्या असत्या मी, त्या घोळक्यात बसायला मिळालं असतं तर."

रेषा द्यायला निघालेल्या माणसावर धड जळताही येत नाही.

"बरणी तेवढी परत पाठव," मी म्हटलं. "आईची आहे."

"पाठवते."

माझा प्रबंध झाला. हुपरीला परत जावं लागलं नाही, मामाच्या मुलाने दुसरी बघितली. मी पुण्यातल्याच एका कॉलेजात शिकवलं, पोरांना बावीस आणि तेवीस सांगितलं, आणि पंगतीचा दाखला सरांचा आहे हेही सांगितलं. जर्मनीला कधी गेले नाही. एकदा जायचं निघालं होतं, पण आई आजारी पडली.

सुप्रभा तिकडेच राहिली. मोठी झाली. दर दिवाळीला फोन करते, आणि दर दिवाळीला मी विचारते, "बरणी कधी पाठवतेस?"

"पाठवते हो ताई," ती म्हणते आणि हसते.

मागच्या वर्षी कुलथेचा मुलगा तिकडे जाऊन आला. म्हणाला, मावशी, तुमची बरणी तिच्या टेबलावर आहे, यंत्राच्या अगदी शेजारी. आत पेनं ठेवलीत. येईल त्याला ती सांगते, ही माझ्या ताईची. लोक हातात घेऊन बघतात.

आता वय झालं माझं. सुप्रभावर मी जळत नाही, देवाशपथ. पण त्या बरणीवर जळते.